सगळे घोडे एका रंगाचे नकोत!

बालमित्रांनो, बुद्धिबळासारखी टेबलावर खऱ्या इतिहासातली लढाई मांडता येते बरं का! दोन्ही बाजूंना बोटभर उंचीचे स्वार. फासे टाकायचे नि फौज पुढे सरकवायची.

यंदा मी १७२८ सालची पालखेडची मोहीम निवडली. पहिल्या बाजीरावांचा निजामाविरुद्धचा भरवसा वेगवान घोडदळावर. म्हणून जड चिलखतवाले स्वार बाजूला ठेवले, भाला-तलवारवाले घेतले.

मग आले रंग. वर्गातली मुलं म्हणाली, "गुरुजी, सगळ्यांना भगवे कपडे द्या की!" पण त्या स्वारांना गणवेश कुठला? बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदार मात्र स्वतःचा घोडा नि हत्यारं घेऊन येई. म्हणून आधी सगळ्यांना पांढऱ्या रंगाचा हात दिला आणि तो सुकल्यावर एक घोडा काळा, एक तांबूस, एक अबलख रंगवला. पागोटी लाल, पांढरी, हिरवी. भगवा ठेवला झेंड्याला.

शिलेदाराचा घोडा लढाईत पडला, तर त्याच्या घरचं भांडवलच बुडायचं. हे कळल्यापासून मुलं फासा टाकण्याआधी विचार करतात. उगाच कुणी स्वार पुढे ढकलत नाही!