भाव यादीत, गिऱ्हाईक नागपुरात

जुन्या चित्रकथांच्या किमतींचं एखादं छापील पुस्तक आपल्याकडे असतं, तर निम्मा महाराष्ट्र आज हळहळत बसला नसता, असं मी कितीतरी वर्षं सांगत आलो. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, जो ऐकून घेईल त्याला. घरोघरच्या माळ्यांवरून इंद्रजाल, चांदोबा, अमर चित्रकथा रद्दीत गेल्या त्या अज्ञानापायी. भाव ठाऊक असता तर कोणी त्या किलोवर घातल्या नसत्या, असं माझं म्हणणं. दाखला तयार असायचा. अमेरिकेत रॉबर्ट ओव्हरस्ट्रीट नावाच्या गृहस्थाने १९७० साली कॉमिक्सच्या किमतींची मार्गदर्शिका काढली, ती वर्षानुवर्षं निघतेय, आणि पोटमाळ्यावर सापडलेल्या अंकाचं काय करायचं हे तिथल्या आजीबाईलाही कळतं. आपल्याकडे तेवढंच कमी आहे.

हे मत आता माझं राहिलेलं नाही. ते एका दिवसात गेलं नाही, आणि सगळंच गेलं असंही नाही.

माझं बालपण तुमसरचं, आणि भंडाऱ्यातल्या माझ्या पिढीच्या पोरांना वेताळाचं, म्हणजे फँटमचं, वेड लागलं ते इंद्रजाल कॉमिक्समुळे. बेनेट कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये ही मालिका सुरू केली, इंग्रजीबरोबर मराठीतही. पहिले ३२ अंक नुसत्या वेताळाचे. मग मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी वगैरे मंडळी आली. १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला, गोविंद ब्राह्मणियांच्या चित्रांतून. सुरुवातीच्या अंकांची मुखपृष्ठंही गोविंद यांचीच, आणि मागच्या पानावर भिंतीला लावण्यासारखं मोठं चित्र. ते चित्र आम्ही ब्लेडने कापून खरोखरच भिंतीला लावायचो. पुढे हेच माझ्या यादीच्या मुळावर आलं.

१९९० मध्ये मालिका बंद पडली. शेवटचा क्रमांक ८०५, पण अंक निघाले ८०३. संपामुळे १२३ आणि १२४ हे दोन अंक निघालेच नाहीत. संग्राहकांना हे पाठ असतं.

तर यादी. ओव्हरस्ट्रीट नाही तर नाही, आपणच एक करू, म्हणून मी इंटरनेटवरच्या विक्रेत्यांचे भाव वहीत उतरवायला लागलो. भाच्याने ती वही संगणकावर चढवली. जिथे भाव सापडला नाही तिथे त्याने आजूबाजूच्या अंकांवरून आकडा ओढून भरला. यादी देखणी झाली आणि नात्यागोत्यात फिरली. तिच्यात १२३ आणि १२४ या अंकांनाही चांगला भाव होता. जगात नसलेल्या अंकाची किंमत इतक्या आत्मविश्वासाने लिहिलेली पाहून आम्ही दोघं हसलो आणि त्या दोन ओळी खोडल्या. बाकीच्या आठशे ओळी कशा भरल्या होत्या, याचा विचार तेव्हाही केला नाही.

तो विचार आतेभावाच्या पेटीने करायला लावला. पवनीचं जुनं घर पाडायचं होतं, आणि वरच्या खोलीत लोखंडी पेटीभर इंद्रजाल निघाले, बहुतेक सत्तरीच्या उत्तरार्धातले आणि ऐंशीतले. आतेभावाने माझ्या यादीवरून बेरीज केली, ती लाखाच्या वर गेली. नागपूरला सीताबर्डीकडच्या एका जुन्या पुस्तकांच्या व्यापाऱ्याने पेटी पाहून सगळ्याचे मिळून काही हजार सांगितले. आतेभाऊ रागावला. मी त्याच्याहून जास्त रागावलो, कारण माझ्या लेखी तो माणूस माझ्या यादीला खोटं पाडत होता. मनात म्हटलं, लुटारू आहे.

त्याने वाद घातला नाही, अंक वाटायला लागला. मागचं पान कापलेले एका बाजूला. वाचनालयाचा शिक्का असलेले दुसऱ्या बाजूला. आमच्याकडे भाड्याने पुस्तकं देणारे पहिल्या पानावर, मधल्या पानावर आणि शेवटच्या पानावर शिक्का मारायचे. टाचणीचा गंज कागदात उतरलेले वेगळे. दहा-दहा अंक एकत्र शिवून पुठ्ठा बांधलेले, कडा यंत्राने छाटलेले, हे सगळ्यात वाईट. आतेभावाच्या वडिलांनी ते बाइंडिंग मोठ्या हौसेने, अंक टिकावेत म्हणून करून घेतलं होतं. टिकले खरे, पण संग्राहकाच्या दृष्टीने तिथेच संपले. शेवटी नीट म्हणावे असे अंक उरले ते मूठभर, आणि त्यांतही बरेचसे ऐंशीतले. ते इतके छापले गेले होते की आजही गठ्ठ्याने मिळतात.

मग त्याने आपला हिशेब मांडला. नीट अंकाला गिऱ्हाईक आहे, पण ते वर्षातून एकदा येणार. मराठी अंक मागणारे थोडे आणि हट्टी. त्यांना हवा असतो तो नेमका एक क्रमांक, पेटी नको असते. तोवर जागा माझी, वाळवी माझी, पैसा अडकलेला माझा. तुमच्या यादीत आहे तो भाव त्या एका गिऱ्हाइकाने त्या एका दिवशी दिला तर मला मिळेल. मग मी तुम्हाला आजच तो कसा देऊ? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, तरी मत बदललं नव्हतं. गाईड छापील असती तर हा माणूस असं बोलू शकला नसता, असंच घरी येताना मी म्हणत होतो.

माझा हुकमी युक्तिवाद धानाचा होता. भंडाऱ्यातल्या माणसाला दुसरा दाखला द्यावा लागत नाही. धानाला हमीभाव जाहीर होतो म्हणून व्यापाऱ्याला मर्यादा राहते; २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाला क्विंटलला २,३०० रुपये होता. तसाच पुस्तकांनाही जाहीर भाव हवा, असं मी भाच्याला सांगत होतो. त्याची शेती लाखनीकडे, धान तोच विकतो. तो म्हणाला, “मामाजी, हमीभावाले सरकार काट्यावर मोजून घेते. तुमच्या कागदाले कोन घेते जी?”

मी गप्प झालो. हमीभाव देतानाही केंद्रावर ओलावा मोजतात, १७ टक्क्यांच्या वर गेला तर धान परत नेऊन वाळवावं लागतं, पैसे कधीकधी महिनोन् महिने येत नाहीत, आणि हात अडलेला शेतकरी शेवटी खाजगी व्यापाऱ्याला कमी भावात देतो. इतकं सगळं असूनही तिथे त्या आकड्याला घ्यायला कोणीतरी बांधलेलं असतं. माझ्या यादीतल्या एकाही ओळीला ते नव्हतं. ओव्हरस्ट्रीटच्या पुस्तकातल्या ओळींनाही नाही.

मग मी अमेरिकेचं जरा नीट वाचलं. इतकी वर्षं त्या पुस्तकाचं नाव घेत होतो, ते चालतं कसं हे पाहिलं नव्हतं. त्यातले आकडे हे विक्रेत्यांच्या, संग्राहकांच्या आणि जाणकारांच्या अहवालांवरून ठरलेले किरकोळ भाव असतात, म्हणजे दुकानात गिऱ्हाईक देईल तो भाव. दुकानदार तुमच्याकडून घेताना त्याचा काही हिस्साच देतो, आणि मार्गदर्शिका हे लपवत नाही. अंकाच्या अवस्थेनुसार भावाचे रकाने वेगळे. जवळजवळ नव्यासारखा आणि बरा, या दोन रकान्यांत कित्येक पटींचं अंतर. घरातली पेटी उघडणारा प्रत्येक माणूस बोट ठेवतो ते सगळ्यात उजवीकडच्या रकान्यावर. मीही तिथेच ठेवलं होतं.

शिवाय अवस्था ठरवायची कोणी, यावर तिथेही भांडणं होतीच. २००० साली सीजीसी ही संस्था निघाली. ती अंक तपासून गुण देते आणि प्लॅस्टिकच्या पेटीत सीलबंद करते. तेव्हापासून झालेल्या सौद्यांची नोंद ठेवणं सोपं झालं, आणि छापील पुस्तकातला वर्षातून एकदा बदलणारा आकडा मागे पडायला लागला. कोणी किती मागितले याला तिथे आता फारसं कोणी विचारत नाही, किती आले ते बघतात. आपल्याकडे इंद्रजालला ना तपासणारा, ना लिलावाची नोंद. जे दिसतं ते फक्त मागणं.

आणि माझ्या यादीतली खरी मेख इथे होती. वाजवी भावाला लावलेला अंक विकला जातो आणि संकेतस्थळावरून नाहीसा होतो. अवाच्या सवा भावाचा अंक तसाच पडून राहतो. मी वर्षानुवर्षं उतरवत होतो ते पडून राहिलेल्या अंकांचे भाव. म्हणजे ज्या किमतीला कोणीही घेतलं नाही, त्याच किमती मी मेहनतीने गोळा केल्या होत्या. पुढे नवा विक्रेता त्याच किमती पाहून आपला भाव ठरवणार, आणि माझ्यासारखा दुसरा कोणी तो उतरवून घेणार.

नव्वदच्या दशकात अमेरिकेत हेच मोठ्या प्रमाणावर झालं. किमती छापणाऱ्या मासिकांमुळे लोक वाचण्याऐवजी साठवण्यासाठी अंक घ्यायला लागले. १९९१ च्या एक्स-मेन मालिकेच्या पहिल्या अंकाच्या ८० लाखांहून अधिक प्रती गेल्या, पाच वेगवेगळ्या मुखपृष्ठांसह. लोकांनी त्या पिशव्यांत घालून मुलांच्या शिक्षणासाठी ठेवल्या. इतक्यांनी जपून ठेवलेली वस्तू दुर्मीळ कशी होणार? बाजार बसला आणि डिसेंबर १९९६ मध्ये एक्स-मेन काढणारी मार्व्हल कंपनी दिवाळखोरीत गेली. उलट १९३८ चा, सुपरमॅन पहिल्यांदा आला तो, १० सेंटचा अंक कोणी जपला नव्हता. त्याची एक प्रत २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेली. असल्या बातम्या वाचूनच आपण पेट्या उघडतो.

आपल्याकडे त्या बातमीचं देशी रूप म्हणजे ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट लाखोंना जाते, हे व्हॉट्सॲपवरचं पुराण. २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांत आमचं नाव वापरून फसवणूक चालली आहे. मी तेव्हा त्या नोटवाल्यांना हसलो होतो.

आता प्रश्न असा की मार्गदर्शिका मग थापच का? नाही. नागपूरच्या त्या माणसाने माझ्या यादीतले आकडे फेकून दिले, पण क्रम फेकला नाही. पहिले अंक वर, बहादूरचा पहिला अंक बरा, ऐंशीतले साप्ताहिक अंक तळाला, हे त्यालाही मान्य. अमर चित्रकथेचंही तसंच. अनंत पै यांनी इंद्रजालमधून बाहेर पडून १९६७ मध्ये ती मालिका उभी केली. तिचे अंक आजही नव्याने छापून मिळतात, त्यामुळे नुसतं ‘कृष्ण’ आहे म्हणून कोणी जास्त देत नाही. जुना क्रमांक आहे की ५०१ पासून सुरू झालेल्या पुढच्या मोजणीतला, एवढं तरी चांगल्या यादीतून कळतं. कोणता अंक कोणत्यापेक्षा दुर्मीळ आणि काय पाहून घ्यायचं, हे यादी सांगते. रुपयांचा रकाना सोडला तर तिचं बरंचसं टिकतं.

त्या रकान्याखाली आणखी एक गोष्ट दडलेली आहे, ती मला अस्वस्थ करते. वेताळाला भाव आहे तो त्याच्याबरोबरचं आपलं बालपण आठवणाऱ्या माणसांमुळे. ही माणसं आता साठीच्या आसपास आहेत. आज मागणारे तेच, पेट्या उघडून विकणारेही तेच. आणखी वीस वर्षांनी दोन्हीकडची कमी होतील, आणि वाचायचंच असेल त्याच्यासाठी स्कॅन केलेले अंक फुकट फिरताहेत. गाईडमध्ये याचा रकाना नसतो.

आता कोणी पेटी निघाली म्हणून फोन केला तर मी आधी विचारतो: मागचं पान आहे का, बाइंडिंग केलंय का, आणि पैसे कधी लागणार आहेत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर “या महिन्यात” असेल तर नागपूरचा भाव घ्या म्हणतो, आणि तो लुटारू नाही हेही सांगतो. माझी यादी मी कोणाला देत नाही.

भाच्याला हे पटत नाही. त्याच्या मते मी आता दुसऱ्या टोकाला गेलोय. त्याच्याकडे पुरावाही आहे. आतेभावाच्या पेटीतला एक अंक, मुखपृष्ठ थोडं फाटलेला, त्याने व्यापाऱ्याला न देता इंटरनेटवर लावला. पुण्याच्या एका संग्राहकाच्या सलग संचात नेमका तोच एक क्रमांक नव्हता. त्याने घासाघीस न करता यादीतल्या भावाच्या दुप्पट पैसे पाठवले, आणि वर विचारलं की १२३ नंबर आहे का.