नदीच्या क्रमाने

आकाशवाणीचं सांगली केंद्र १९६३ साली सुरू झालं. पुणे केंद्र त्याआधी दहा वर्षं बोलत होतं आणि चांगलं बोलत होतं. १९५६ मध्ये त्यांनी दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं बसवली. लोक एकत्र ऐकायचे, चर्चा करायचे, त्यांचे प्रश्न केंद्राकडे परत जायचे. पण आटपाडीचा पाऊस आणि सांगलीच्या पेठेतला हळदीचा दर पुण्याच्या कार्यक्रमांत किती मावणार? आपल्या भागाला आपलं केंद्र हवंच होतं.

मी तिथं नैमित्तिक निवेदक होतो. ‘मध्यम लहरी २३९.८ मीटर्स, म्हणजेच १२५१ किलोहर्ट्झ’ हे म्हणायला कुणालाही चार दिवसांत जमतं. निवेदकाचा खरा कस लागतो तो पावसाळ्यात, कृष्णेची पाणीपातळी वाचताना.

सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी चाळीस फुटांवर गेलं की इशारा पातळी, पंचेचाळीसला धोका पातळी. आता ‘एकोणचाळीस’ आणि ‘एकोणपन्नास’ हे दोन आकडे पत्र्यावर पाऊस कोसळत असताना, सेल उतरलेल्या ट्रान्झिस्टरवर ऐकून पाहा. एकात अजून इशाराही नाही, दुसऱ्यात धोक्याच्या वर चार फूट पाणी. म्हणून आकडा दोनदा सांगायचा, आणि दुसऱ्यांदा सुटा करून: तीन, नऊ. कागदावर हे लिहिलेलं नसतं. वरिष्ठांकडून ऐकून ते अंगात मुरतं.

वाक्याच्या शेवटाचंही तसंच. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि नवशिक्याचा श्वास नेमका तिथंच संपतो. ‘पाणी सोडण्यात येणार’ एवढं ठणठणीत, आणि पुढचं ‘आहे’ की ‘नाही’ घशातच. संध्याकाळनंतर तर मध्यम लहरींवर दूरदूरची केंद्रं येऊन गर्दी करतात; दिवसा स्वच्छ लागणारं केंद्र रात्री खरखरीतून शोधावं लागतं. अशा वेळी शेवटचं अक्षर पहिल्याइतकंच उभं राहिलं पाहिजे. मी वाक्य निम्म्यावर आलं की मुद्दाम श्वास घेत असे, कागदावर तिथं पेन्सिलीची बारीक रेघ मारून.

या सगळ्याहून मोलाची गोष्ट म्हणजे क्रम. पातळ्यांचा तक्ता हातात कसाही येवो, वाचायचा नदीच्या क्रमानेच. आधी कोयना धरणाचा विसर्ग, मग कराड, जिथं कोयना कृष्णेला मिळते. मग बहे, ताकारी, भिलवडी आणि त्यानंतर आयर्विन पूल. भिलवडीच्या माणसाला स्वतःच्या पुलाचं पाणी दिसतंच. त्याला हवं असतं बह्याचं, कारण तेच काही तासांनी त्याच्या दारात येणार असतं. सांगलीत नदीकाठच्या सूर्यवंशी प्लॉटमधली बाई भिलवडीचा आकडा ऐकून ठरवते की धान्याची पोती माळ्यावर चढवायची की पोराबाळांना घेऊन निघायचं. तक्ता तालुक्यांप्रमाणे किंवा अकारविल्हे वाचला तर आकडे सगळे बरोबर, पण त्यांच्यावरून पुढचं पाणी ओळखता येत नाही. मी नव्या मुलांना तक्ता देण्याआधी नकाशा दाखवायचो. ‘आधी नदी पाठ कर, मग माईकसमोर बस,’ असं म्हणायचो. काहींना ते जाचक वाटायचं. मला ते सुरांपेक्षाही आवश्यक वाटतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेलं. आता पातळ्या मोबाइलवर येतात, झरझर आणि पुष्कळ. त्यात कालचा आकडाही आजचा म्हणून फिरतो. आवाजाने वाचलेल्या आकड्याला वेळ असते: ‘दुपारी दोन वाजता घेतलेली नोंद.’ ती वेळ आम्ही कधी गाळली नाही.

एकाच ठिकाणाहून साऱ्या राज्याला ऐकवायचे कार्यक्रम असावेत. मी स्वतः ते आवडीने ऐकतो. पण पावसाळ्यात दिवसातले काही तास तरी सांगलीचा माईक सांगलीच्या माणसाकडेच असला पाहिजे, ज्याला बह्यानंतर ताकारी येतं हे कागद न बघता ठाऊक आहे.