फोनवरची शांतता

फोनवरच्या बोलण्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. न बोलण्याविषयी कमी. जुन्या टेलिफोनमध्ये कॉल लागला की दोन गावांमधली एक वाट त्या दोघांसाठी राखलेली असे. कुणी चकार शब्द काढला नाही तरी ती राखलेलीच. आमची आई अकोले तालुक्यात, राजूरला राहत असे. नगरहून (आता अहिल्यानगर) तिला फोन करायचा तर एकेकाळी ट्रंक कॉल नोंदवून ताटकळावे लागे. पुढे एसटीडी बूथवरचे पळते लाल आकडे आले. शांततेचेही पैसे पडत. पण ती शांतता राजूरची असे, पत्र्यावरच्या पावसासकट.

१ एप्रिल २००२पासून सरकारने इंटरनेटवरून फोन करायला परवानगी दिली. गंमत अशी की संगणकावरून परदेशातला फोन लावता येई, देशातला नाही. म्हणजे न्यू जर्सी चालेल, राजूर नाही! असो. सप्टेंबर २०१६मध्ये आलेल्या जिओकडे मात्र राखीव वाट नव्हतीच. तिथे आवाजाचे वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे होतात, सेकंदाला पन्नास, आणि प्रत्येक तुकडा क्रमांक घेऊन निघतो. हरवलेला पुन्हा मागवत नाहीत. उशिरा आलेला टाकून देतात. कॉल जोडण्या-तोडण्याचे निरोप वेगळे जातात. निमंत्रण, 'वाजते आहे', होकार, पोचपावती, शेवटी निरोप: एखाद्या घरंदाज कार्याला शोभावी अशी ही रीत. कॉल चालू आहे एवढे त्या निरोप्यांना ठाऊक असते. कुणी बोलते आहे की नाही, हे नव्हे.

शेवटची दोन वर्षे आई फारसे बोलत नसे. एखादे 'हं', मग बराच वेळ काही नाही. आमचे थोरले बंधू पुण्याला असतात. ते रोज रात्री फोन कानाशी धरून बसत. बोलत नाही, पण श्वास ऐकू येतो, असे म्हणत.

या नव्या व्यवस्थेत बोलणारा थांबला की त्याचा फोन ते ओळखतो आणि तुकडे पाठवणे जवळजवळ बंद करतो. बॅटरी वाचते, हवेतली जागाही वाचते. साधारण १६० मिलिसेकंदांनी एक लहानशी चिठ्ठी तेवढी जाते: मागचा आवाज अमुक प्रकारचा, इतपत मोठा. त्या वर्णनावरून ऐकणाऱ्याचाच फोन एक मंद सरसर तयार करतो आणि कानात सोडतो. कारण संपूर्ण निःशब्द झाले की माणसाला फोन तुटला असे वाटते. ही योजना करणाऱ्यांना माणसाचा स्वभाव चांगला कळला होता, असेच आम्ही म्हणू. पण मग बंधू ऐकत होते तो श्वास बहुधा पुण्यातच, त्यांच्या हातात तयार होत होता. राजूरहून येत होते ते त्याचे वर्णन.

हे आम्ही त्यांना सांगितलेले नाही. अजूनही बोलता बोलता त्या श्वासाचा विषय निघतो, आणि आम्ही 'हं' म्हणतो.