बंदुकीची साक्ष

वडिलोपार्जित जमिनीची वाटणी करता येते, भांड्याकुंड्यांचीही करता येते. बंदुकीची करता येत नाही. ती कोणा एकाच्या परवान्यावर चढते आणि तिच्याविषयी घरात जे जे बोलले गेले असेल, तेही त्या एकाच्याच पदरी पडते.

वडिलांच्या पश्चात आमच्या चिपळूणजवळच्या घरातील बंदूक अशीच माझ्याकडे आली. विंचेस्टर कंपनीची, बारा बोअरची, ‘मॉडेल १२’. हा नमुना १९१२ साली निघाला. आमची बंदूक आजोबांनी १९४७ साली मायदेशी निघालेल्या एका इंग्रज साहेबाकडून विकत घेतली होती. कोकणात ठासणीच्या आणि दुनळी बंदुका पुष्कळ. परंतु पुढची लाकडी मूठ मागे ओढताच रिकामे काडतूस बाहेर फेकणारी आणि पुढे सारताच नवे काडतूस नळीत चढविणारी ही बंदूक आमच्या पंचक्रोशीत नवलाचा विषय होती. रानडुकरांपासून भाताचे रक्षण करणे हे तिचे काम.

१९६६ च्या आश्विनात तिने एक भलतेच काम केले. रात्री शेतात डुकरे शिरल्याची ओरड झाली. आजोबा कंदील घेऊन पुढे निघाले आणि पंधरा वर्षांच्या माझ्या काकांनी ओटीवर उभे राहून बंदुकीत काडतूस चढविले. मूठ पुढे सारली मात्र, बार उडाला! छर्रे वरच्या तुळईत घुसले. कोणाला इजा झाली नाही. पण आजोबांच्या मस्तकावरून हातभर अंतराने मृत्यू गेला होता. काका रडत एकच सांगत राहिले, “मी चाप ओढला नाही.” आजोबांना ते पटले नाही. चाप ओढल्यावाचून बंदूक उडत नसते, तेव्हा मुलगा निष्काळजी तर आहेच, शिवाय खोटेही बोलतो, असा त्यांनी निकाल दिला. पुढे काकांनी बंदुकीला हात लावला नाही. आजोबांच्या मागे परवाना माझ्या वडिलांच्या नावे होताना त्यांनी संमतिपत्रावर सही केली, तीही एक अक्षर न बोलता.

माझी बदली कलकत्त्याला झाली आणि यथावकाश, सारे शासकीय सोपस्कार उरकून, बंदूकही येथे आली. तिचे करायचे काय, हा प्रश्न होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा शौक उरलेला नाही, आणि मी तर दिवसभर लेखणीखेरीज काही चालवीत नाही. ठेवायची की विकायची हे ठरविण्यापूर्वी ती धड आहे की नाही, हे जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावे असे वाटले. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. तेव्हा रस्त्यावरच्या लोहाराकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता.

पहिल्या दुकानात मालकांनी बंदूक उचलून वजन अजमावले आणि “जुनी झाली, आम्हांला देऊन टाका” असे सुचविले. दुसऱ्या दुकानात तिला नवे काळे पाणी चढवून, दस्ता चकचकीत करून देण्याची तयारी दाखविण्यात आली. नळीत डोकावून मात्र दोघांनीही पाहिले नाही. फाइल न उघडताच तिच्यावर शेरा मारणारे लोक आमच्याच कचेरीत असतात असा माझा समज होता. तो दूर झाला.

शेवटी एका बंगाली सहकाऱ्याने लालबाजारच्या बाजूला एका जुन्या दुकानाच्या मागील खोलीत बसणाऱ्या वृद्ध कारागिराचा पत्ता दिला. हे मिस्त्री मूळचे मुंगेरचे. मीर कासिमने १७६२ च्या सुमारास राजधानी मुर्शिदाबादहून मुंगेरला नेली आणि तेथे शस्त्रांचे कारखाने उभारले. तेव्हापासून त्या गावाचे आणि बंदुकीचे नाते जडले आहे.

“रिकामी आहे,” असे म्हणून मी बंदूक पुढे केली. त्यांनी तरीही ती उघडली आणि काडतुसाच्या जागी करंगळी घालून खात्री करून घेतली. “बाबू, राग मानू नका. असे सांगणाऱ्यांच्याच हातून अपघात होतात.”

मग त्यांनी नळी फिरवून सुटी केली. खोक्यावरचा आणि नळीच्या सांध्यावरचा असे दोन्ही क्रमांक चष्मा पुसून वाचले आणि परवान्याशी ताडून पाहिले. नळी खिडकीकडे धरून ती हळूहळू फिरवीत ते कितीतरी वेळ आत पाहत राहिले. गजाची सावली नळीत सरळ उतरली तर नळी निर्दोष. कोठे मोडली तर तेथे पोचा किंवा फुगवटा समजावा, असे त्यांनी मला समजावले. आमची सावली कोठेही मोडली नाही. सांधा मात्र किंचित ढिला झाला होता. अशी झीज भरून काढण्यासाठी या बंदुकीत एक दातेरी कडे मुळातच बसविलेले असते. ते त्यांनी एक दात पुढे सरकविले आणि खडखड थांबली.

एवढ्यात त्यांनी सहज विचारले, “ही कधी आपण होऊन उडाली होती काय?”

मी चपापलो. त्यांनी खोटे काडतूस घातले, चाप दाबून धरला आणि मूठ पुढे सारली. मूठ पुढच्या टोकाला पोचताक्षणीच आत खट्कन आवाज झाला. “पाहिलेत? नंतरच्या बहुतेक बंदुकांत चाप एकदा सोडून पुन्हा ओढावा लागतो. तशी अडसर घालणारी पट्टी हिच्यात नाही. हा बिघाड नव्हे, हिची घडणच अशी आहे. नवशिक्या माणूस डाव्या हाताने जोर लावतो, तेव्हा उजव्या हाताची मूठही आवळली जाते. बोट चापावर असले की संपले. त्याला वाटते, आपण ओढलेच नाही.”

मी काही वेळ काहीच बोलू शकलो नाही. काकांची चूक होती; बोट चापावर असायला नको होते. पण ते खोटे बोलले नव्हते. निकाल देणारा अधिकारी निघून गेल्यावर फेरविचाराचा अर्ज कोणाकडे करावा, हे कोणत्याच नियमावलीत सांगितलेले नाही. आजोबांना मी काही सांगू शकत नव्हतो. काकांना मात्र सांगू शकत होतो.

मिस्त्रींनी मजुरी थोडीच घेतली. “घरी कोणाच्या हातात दिलीत तर आधी हे सांगा,” एवढे मात्र दोनदा बजावले.

फोनवर हे सांगण्याचा धीर मला झाला नाही. त्याच रात्री ‘तीर्थरूप काकांस शिरसाष्टांग नमस्कार’ असे लिहून मी सारी हकीकत कळविली. तीन आठवड्यांनी उत्तर आले. त्यात भाताचे पीक, काकूंचे गुडघे आणि नव्या रस्त्यात गेलेली आमराई यांविषयी सविस्तर मजकूर होता. बंदुकीचा उल्लेख शेवटी, सहीच्या खाली, एका ओळीत होता :

“पुढच्या खेपेस ती घेऊन ये. एकदा हातात धरून पाहीन म्हणतो.”

विकण्याचा विचार मी सोडून दिला आहे.