कडी आणि कोयंडा

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे जुने लोक सांगून गेले. लग्न मी केले, घरही बांधले. तरीसुद्धा आपल्याला फारसे काही येत नाही, हे साठी उलटल्यावर मला एका खुराड्याने शिकविले.

कुडाळजवळच्या आमच्या गावी आजोबांनी बांधलेले मातीचे घर होते. २०१६ साली आम्ही दोघा भावांनी ते उतरविले आणि त्याच जागेत, मध्ये चिऱ्यांचा गडगा घालून, दोन घरे उभी केली. वाटणी अगदी चोख झाली. वासे मोजले, रिपा मोजल्या, कौलेसुद्धा मोजली. राहता राहिले पुढचे दार : सागवानाचे, दोन कवाडांचे. ते कोणी घ्यावे यावरून शब्दाला शब्द वाढला आणि अखेर एक कवाड दादाकडे गेले, एक माझ्याकडे. कडी माझ्या कवाडाला, कोयंडा त्याच्या! अर्ध्या दाराचा उपयोग दोघांनाही नव्हता. पण वाटणी झाली होती. त्या दिवसापासून आमचे बोलणे बंद झाले. दिवाळीत बायका गडग्यावरून फराळाची ताटे देत-घेत. आम्ही दोघे आपापल्या ओटीवर वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसत असू.

गेल्या वर्षी पाऊस सरता सरता सौभाग्यवतींनी सहा कोंबड्या आणि एक कोंबडा आणला. रात्री त्यांना डालग्याखाली झाकीत असू. तिसऱ्याच रात्री रानमांजराने डालगे उलथून एक कोंबडी नेली. सकाळी अंगणात पिसे तेवढी राहिली होती. ‘आजच्या आज खुराडे हवे,’ असा हुकूम सुटला.

लाकूड विकत आणण्याचे कारण नव्हते. पडवीत जुने वासे होते, माळ्यावर कवाड होते. मी माहिती काढली, कागदावर नकाशा काढला. लांबी ४ फूट, रुंदी ३, उंची ३. ओल लागू नये म्हणून तळ जमिनीपासून २ फूट उंच. बसायची दांडी कोंबडीमागे ८ इंच, आणि ती अंड्यांच्या खणापेक्षा उंचावर. नाहीतर सगळ्या कोंबड्या खणातच झोपतात आणि अंडी घाण होतात. वारा खेळावा म्हणून छपराखाली झरोके. त्यांना अर्ध्या इंचाची जाळी. नकाशा फार सुंदर झाला.

पण लाकडाला नकाशा कळत नाही. पहिल्याच वाशात आजोबांच्या वेळचा खिळा दडून बसला होता; त्याने करवतीचे दोन दात खाल्ले. कवाडावरचा जुना तैलरंग मी पाणी मारून, तोंडाला फडके बांधून खरवडला. तसल्या जुन्या रंगात पुष्कळदा शिसे असते, आणि कोंबड्या दिसेल तिथे चोच मारतात. खाली सागवान निघाले ते जणू कालच रंधलेले! वाळवीने त्याला तोंड लावले नव्हते. मात्र त्यात माझा एकही खिळा जाईना. ठोकला की वाकला. मी ठोकीत होतो आणि गडग्यापलीकडे कोणीतरी खोकत होते.

सहावा खिळा वाकला तेव्हा गडग्यावरून आवाज आला, “खिळो असो मारतत काय रे? आदी भोक पाड!”

इतक्या वर्षांतले दादाचे हे पहिले वाक्य. मी निमूटपणे भोक पाडले. खिळा लोण्यात जावा तसा गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो दादा अंगणात उभा. खांद्यावर त्याचे कवाड. “अर्ध्या दारान मांजर थांबतला?” एवढेच म्हणून त्याने ते माझ्या कवाडाशेजारी लावले. दोन्ही मिळून रुंदी बरोबर ४ फूट! माझ्या हातून नुसते माझे कवाड कापले जात नव्हते. दादाने करवत घेतली आणि दुसरे टोक माझ्या हातात दिले. कडीकोयंड्याचा भाग राखून आम्ही दोन्ही कवाडे ३ फुटांवर आणली. उरलेल्या तुकड्यांतून अंड्यांचे दोन खण निघाले. चार दिवस आम्ही काम केले. बोललो ते सारे इंचांत आणि सुतांत. वाटणीचा शब्द त्यानेही काढला नाही, मीही काढला नाही.

पाचव्या दिवशी तिन्हीसांजेला कोंबड्या आपण होऊन आत शिरल्या आणि दांडीवर ओळीने बसल्या. दादाने कवाडे लोटली. मी कडी घातली. ती कोयंड्यात पडल्याचा आवाज झाला, तो लहानपणी रात्री वडील दार लावीत तेव्हा व्हायचा तोच. आम्ही दोघेही एकमेकांकडे न पाहता थोडा वेळ तिथेच उभे राहिलो.

आता अंड्यांची वाटणी होते. ती निम्मीनिम्मी असते. पण विषम आकडा आला तर वरचे अंडे बाजूला ठेवायचे, असे ठरले आहे. परवा एक कोंबडी खुडूक बसली, तेव्हा ती बाजूची पाच अंडी तिच्याखाली घातली. २१ दिवस मोजले, तर ऐन दिवाळीत पिले निघतील.

पिलांची वाटणी कशी करायची, हे मात्र आम्ही दोघांनीही अजून काढलेले नाही.