काजळी नोझलची, हिशेब घराचा

आमच्या धाकट्या भावाचा जुना टेम्पो काळा धूर ओकू लागला. अॅव्हरेज १२ वरून ९ वर आले. आम्ही पेशाने कारकून. डिझेलची वही आम्हीच लिहितो, म्हणून ध्यानात आले. एका गॅरेजवाल्याने इंजिनच खोलायला सांगितले. खर्च ऐकून भावजयीने कानातले काढून पुढे ठेवले.

आम्ही म्हटले, थांबा. नोझल काढून पंप-नोझलच्या दुकानात नेले. मिस्त्रीने ते मशीनवर लावून दाखवले. डिझेल धुक्यासारखे उडायला हवे; इथे थेंब गळत होते.

नोझलच्या टोकाला अतिशय बारीक भोके असतात. दाबाने आतली सुई उचलली की डिझेल उडते. दाब उतरला की सुईने घट्ट बसावे. ती नीट बसली नाही की डिझेल ठिबकते, तिथेच जळते आणि टोकावर कार्बन धरतो. सुईखालच्या पोकळीत उरलेला थेंबही हेच करतो, म्हणून सुधारित नोझलमध्ये ती पोकळी लहान ठेवतात.

नोझल बदलले, दाब बांधून घेतला. धूर थांबला, कानातले कानात परत गेले.

गाडीवर पोट असलेल्या बांधवांनो, फिल्टर वेळेवर बदला, त्यातले पाणी काढा. रॉकेल मिसळलेले डिझेल घेऊ नका. त्याने सुई झिजते. उभ्या गाडीचे इंजिन उगाच चालू ठेवू नका. भोके तारेने कोरू नका. फवाऱ्यापुढे बोट तर कधीच धरू नका, डिझेल कातडीत घुसते.

आणि घरात एक वही ठेवा. बिघाड आधी तिच्यात दिसतो.