‘मदरबोर्ड गेला’ असे म्हणण्यापूर्वी

जुना संगणक बिघडला की आपण त्याविषयी जी वाक्ये बोलतो, ती कधी कान देऊन ऐका. ‘चालू होत नाही’, ‘मध्येच अडकतो’, ‘पडद्यावर काही येत नाही’ हा वाक्यांचा एक प्रकार. ‘रॅम गेली’, ‘हार्ड डिस्क उडाली’, ‘मदरबोर्ड जळाला’ हा दुसरा. पहिल्या प्रकारची वाक्ये आपण जे पाहिले वा ऐकले तेवढेच सांगतात. दुसऱ्या प्रकारची वाक्ये आपण न पाहिलेल्या गोष्टीविषयी निकाल देतात. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही सरळ विधानेच. म्हणून ती एकमेकांच्या जागी नकळत येऊन बसतात आणि निकाल वर्णनासारखा वाटू लागतो. असे झाल्यास काय गमवावे लागते, हे मला एका जुन्या संगणकाने नीट समजावले.

माझ्या घरचा हा संगणक २००९ सालचा आहे. बोलीभाषांच्या अभ्यासासाठी गावोगावी केलेल्या ध्वनिमुद्रणांचे प्रतिलेखन मी त्यावर केले. ध्वनिमुद्रणांच्या प्रती अन्यत्र सुरक्षित आहेत. परंतु ज्या जुन्या प्रणालीत ते प्रतिलेखन ध्वनीशी ओळीओळीने जोडलेले आहे, ती आजच्या यंत्रांवर चालत नाही. ज्यांचे बोलणे मी टिपले, त्यांच्यापैकी काही वृद्ध आज हयात नाहीत. त्यांचा एखादा उच्चार पुन्हा तपासायचा झाला, तर मला याच यंत्राकडे यावे लागते. दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ते सकाळी सुरू होईनासे झाले. शिवाय त्याचे घड्याळही रोज काही वर्षे मागे जाऊ लागले. दुरुस्तीसाठी आलेल्या गृहस्थांनी दोन्ही तक्रारी ऐकल्या आणि पेटी न उघडताच सांगितले, “मदरबोर्ड गेला. आता नवाच घ्या, सर.”

या निकालात एक मोह होता. दोन तक्रारींना त्याने एकच कारण दिले होते, आणि एकच कारण मनाला नेहमी पटते. तरीही मी निर्णय आठवडाभर पुढे ढकलला आणि संगणकाशेजारी एक वही ठेवली. तिच्यात केवळ घडेल ते लिहायचे, कारण लिहायचे नाही, एवढाच नियम. आठ दिवसांनी वहीतून काही गोष्टी स्पष्ट दिसल्या. रात्री भिंतीवरचा खटका बंद केलेला असला, तर सकाळी बटण दाबताच पंखा अर्धा फेरा घेऊन थांबे. चार-पाच वेळा दाबल्यावर यंत्र सुरू होई. दुपारी बंद करून अर्ध्या तासाने लावले, तर पहिल्याच दाबाला चाले. एकदा सुरू झाले की दिवसभर कुरकुर नसे. ‘चालू होत नाही’ हे वाक्यही अपुरेच होते तर! ‘रात्रभर थंड राहिल्यावर पहिल्या दाबाला चालू होत नाही’ हे खरे वर्णन.

आता प्रश्न दोषाची जागा शोधण्याचा. तुमच्या भाषाविज्ञानाच्या पाठात स्वनिम ठरवण्याची रीत दिली आहे, ती येथे आठवा. ‘वेळ’ आणि ‘वेल’ या शब्दांत बाकी सारे तेच आहे. केवळ ‘ळ’च्या जागी ‘ल’ आला आणि अर्थ बदलला. म्हणून मराठीत हे दोन स्वतंत्र स्वनिम आहेत, असे आपण म्हणू शकतो. दोन ध्वनी एकदम बदलले असते, तर अर्थभेद कोणामुळे झाला ते सांगता आले नसते. यंत्राच्या बाबतीतही शिस्त हीच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकीचे जसेच्या तसे ठेवायचे.

प्रथम मदरबोर्डवरची नाण्याएवढी चपटी बॅटरी बदलली. तिच्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी आणि ३ व्होल्ट दाब. वीज बंद असताना संगणकाचे घड्याळ तिच्यावर चालते. नवी बॅटरी बसवली आणि घड्याळ ताळ्यावर आले. सकाळचा हट्ट मात्र तसाच राहिला. याचा अर्थ तक्रारी दोन होत्या आणि कारणेही दोन. एकाच कारणाचा तो सुबक निकाल येथेच कोसळला.

मग रॅमच्या पट्ट्या काढल्या, त्यांची सोनेरी टोके खोडरबराने हलकेच पुसली आणि एकेक पट्टी आलटून पालटून लावून पाहिली. फरक पडला नाही. दुपारी, यंत्र उबदार असताना, दोन्ही पट्ट्या काढून बटण दाबले. पेटीतल्या लहानशा ध्वनिक्षेपकातून तुटक शिट्या येऊ लागल्या. या शिट्यांचा नेमका अर्थ निर्मात्यानुसार बदलतो. पण स्मृती सापडत नाही अशी तक्रार करण्याइतका मदरबोर्ड शुद्धीवर आहे, हे त्यांतून कळले. ज्याला ‘गेला’ म्हटले होते, तो बोलत होता.

संशय आता एसएमपीएसवर आला. घरातील २३० व्होल्टच्या विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे प्रवाह तयार करून तो साऱ्या भागांना पुरवतो. त्याची पेटी मात्र तुम्ही कधीही उघडू नका. प्लग काढल्यानंतरही आतील मोठ्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल इतका दाब काही काळ उरलेला असू शकतो. उघडण्याची गरजही नसते, अख्खा एसएमपीएस बदलून पाहता येतो. शेजाऱ्यांकडचा चालू स्थितीतील एसएमपीएस मी एका रात्रीपुरता मागून आणला आणि झोपण्यापूर्वी लावून ठेवला. सकाळी पहिल्याच दाबाला यंत्र सुरू झाले. अनेक जण येथे थांबतात. मी त्या रात्री पुन्हा जुना एसएमपीएस जोडला, आणि सकाळी दोष परतला. भाग बदलल्यावर दोष जातो आणि तोच भाग परत लावल्यावर दोषही परत येतो, तेव्हाच निदान पूर्ण होते. नाहीतर जोडाजोडीत एखादी सैल पिन घट्ट बसली असेल आणि श्रेय भलत्यालाच जाईल.

वहीतील थंडीची नोंदही आता उलगडली. एसएमपीएसमधील कपॅसिटरमध्ये एक द्रव असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने तो सुकत जातो, कपॅसिटरची धारणक्षमता घटते आणि अंतर्गत रोध वाढतो. थंड असताना ही दुर्बलता सर्वाधिक जाणवते. चार-पाच प्रयत्नांत तो किंचित तापला की तात्पुरता सावरतो. नवा एसएमपीएस नव्या संगणकाच्या तुलनेत अगदी थोडक्या पैशांत आला. यंत्र आजही चालते, आणि त्या वृद्धांचे बोलणे मला ओळीओळीने ऐकता येते.

हे सारे मराठीच्या पुस्तिकेत सांगण्याचे कारण असे की, भाषेविषयीही आपण पेटी न उघडता निकाल देतो. ‘तिची भाषा अशुद्ध आहे’ हे वाक्य ‘मदरबोर्ड गेला’ याच प्रकारचे आहे. वऱ्हाडात अनेकांच्या तोंडी ‘पाणी’चे ‘पानी’ होते आणि ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो, हे झाले वर्णन. ते केले की दिसते, येथे काहीही मोडलेले नाही. नियमाने चालणारी एक व्यवस्था आहे. तिच्यात वाढलेल्या विद्यार्थ्याला प्रमाण लेखन शिकायचे असेल, तर त्याला भाषा नव्याने घ्यावी लागत नाही. कोणत्या शब्दांत ‘ण’ आणि ‘ळ’ लिहायचे, एवढेच शिकायचे असते.

प्रमाण या कल्पनेचा अर्थही त्या एसएमपीएसने सांगितला. शेजाऱ्यांचा भाग माझ्या यंत्रात बसला, कारण दोन्ही एटीएक्स या आराखड्यानुसार बनलेले होते. इंटेलने १९९५ मध्ये आणलेल्या या आराखड्याने स्क्रूंच्या जागा, जोडण्या आणि दाब ठरवून दिले. देवघेव व्हावी म्हणून ते प्रमाण. त्याबाहेरची यंत्रे नादुरुस्त असतात, असे तो आराखडा कोठेही म्हणत नाही.

तुमच्यापैकी अनेक जण दहा-वीस वर्षांच्या खंडानंतर पुन्हा पुस्तक उघडत आहेत. ‘माझे मराठी कच्चे आहे’, ‘या वयात डोक्यात शिरत नाही’ अशी वाक्ये तुमच्या स्वाध्यायाच्या वहीत नसली, तरी मनात असतील. त्यांतील एक वाक्य आज कागदावर लिहा आणि त्याखाली आठ दिवस केवळ नोंदी करा: कोणता शब्द अडला, कोणत्या वेळी वाचताना अडला, दिवसभराच्या कामानंतर की पहाटे. कारण लिहू नका. आठ दिवसांनी त्या नोंदी वाचा आणि वर लिहिलेले वाक्य तसेच ठेवायचे की बदलायचे, ते मग ठरवा.